शनिवारची एकटी होडी आणि तिच्यावरचे आरोप

मेरीलंडमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने शनिवारी सकाळी गाडीमागे ट्रेलर जोडला, त्यावरची शिडाची होडी चेसापीकच्या उपसागरात उतरवली आणि एक रात्र एकट्याने पाण्यावर काढून रविवारी तो घरी परतला, की त्याच्यावरचे आरोप ठरलेले असतात. हा जिवाशी खेळ आहे. काही बरंवाईट झालं तर दुसऱ्यांनी जीव धोक्यात घालून याला वाचवायचं. घरचे काळजीत आणि हा आपल्या छंदात. आणि एवढं करून हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. मंडळाच्या गणेशोत्सवात, जेवणाच्या पंगतीत, भारतातून येणाऱ्या फोनवर हे आरोप मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. ते करणारी माणसं आपलीच आहेत आणि बहुतेकदा मायेपोटी बोलतात. म्हणूनच हसून विषय बदलणं मला पटत नाही. आरोप गंभीर आहेत, तर त्यांचं उत्तरही गंभीरपणे दिलं पाहिजे.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. टीकाकारांना तीन गोष्टी खटकतात: होडी फार लहान, माणूस एकटा, आणि दोन दिवसांच्या सुट्टीत उरकलेली सफर. नीट तयारी केली असेल तर नेमक्या याच तीन गोष्टी या छंदाला सुरक्षित ठेवतात. तयारी नसेल तर कुठलीच होडी आणि कितीही माणसं सुरक्षित नसतात.

पहिल्यांदा एक गल्लत दूर करू. एकट्याने शिडाची होडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महासागर येतो. कमांडर दिलीप दोंदे येतात, ज्यांनी गोव्यात बांधलेल्या 56 फुटी 'म्हादेई'तून ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. अभिलाष टॉमी येतात. सप्टेंबर 2018 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि अखेर एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. हे उदाहरण तर हमखास पुढे केलं जातं: नौदलातल्या पट्टीच्या दर्यावर्दीची ही गत, तिथे तुझ्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्याचं काय?

या प्रश्नाचं उत्तर सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. 1972 च्या या नियमावलीतला पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक नौकेने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी योग्य पहारा ठेवला पाहिजे. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांनाही हाच नियम लागू आहे. महासागरात महिनोन्महिने एकटा असणारा माणूस झोपणारच, आणि तो झोपला की होडी पुढे जात राहते पण पहारा थांबतो. महासागरी एकट्या सफरीवरचा हा सर्वांत सबळ आक्षेप आहे आणि त्या क्षेत्रातले जाणकारही तो मान्य करतात. वीकेंडच्या सफरीला मात्र तो लागू होत नाही. इथे होडी चालते तेव्हा माणूस जागा असतो, आणि माणूस झोपतो तेव्हा होडी एखाद्या खाडीत नांगरलेली असते, डोलकाठीवर सगळ्या दिशांनी दिसणारा पांढरा दिवा लावलेला असतो. दोघांमध्ये शीड तेवढं समान आहे. धोका वेगळा, जबाबदारी वेगळी आणि कौशल्यही वेगळं.

याच गल्लतीचं आणखी एक रूप होडी चालवणाऱ्यांमध्येच आढळतं. रॉबर्ट मॅनरी हा क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्रातला संपादकीय कर्मचारी. 1965 च्या उन्हाळ्यात तो साडेतेरा फुटी 'टिंकरबेल' घेऊन मॅसॅच्युसेट्सहून निघाला आणि 78 दिवसांनी इंग्लंडला पोचला. छोट्या होडीवाल्यांच्या जगात त्याचं नाव आदराने घेतलं जातं आणि माझ्याही मनात तो आदर आहे. पण त्या प्रवासात लाटांनी त्याला अनेकदा होडीबाहेर फेकलं आणि अंगाला बांधलेल्या दोरामुळेच तो वाचला. ज्याला सोमवारी कामावर जायचं आहे त्याने मॅनरीकडून तो दोर तेवढा घ्यावा. बाकीचं अनुकरण करणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही.

आता होडीच्या लहानपणाकडे वळू. उदाहरण म्हणून कॅटॅलिना 22 घ्या. फ्रँक बटलर यांच्या कारखान्यातून 1970 च्या सुमारास बाहेर पडू लागलेली ही होडी पंधरा हजारांहून अधिक संख्येने बनली आणि आजही अमेरिकेतल्या अनेक घरांच्या अंगणात ट्रेलरवर उभी दिसते. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी आठ फुटांच्या आत, म्हणजे रस्त्यावर वेगळा परवाना लागत नाही. वजन साधारण एक टन. तिचा लोखंडी कणा दोराने वर ओढला की ती वीस इंच पाण्यात तरंगते. खाली सोडला की तोच कणा पाच फूट खोल जातो आणि वाऱ्यात होडीला कलंडू देत नाही.

हे वीस इंच कुठे उपयोगी पडतात ते चेसापीकचा नकाशा पाहिला की समजतं. हिमयुगानंतर समुद्र वर चढला आणि सस्क्वेहॅना नदीचं खोरं बुडालं, त्यातून हा उपसागर तयार झाला. लांबी सुमारे 200 मैल, आणि सरासरी खोली फक्त 21 फूट. नद्या आणि खाड्या धरल्या तर किनारा 11,000 मैलांहून लांब भरतो. भरती-ओहोटीचा फरक अ‍ॅनापोलिसपाशी जेमतेम एक फूट. वादळ आलं तर मोठ्या होडीला खोल पाण्याचं बंदर शोधावं लागतं. छोट्या होडीला वाय नदीतली, चेस्टर नदीतली, माइल्स नदीतली कुठलीही झाडांनी वेढलेली उथळ खाडी पुरते. आणि उपसागरातला एक मोठा धोका, म्हणजे बाल्टिमोरला जाणारी अजस्र मालवाहू जहाजं, त्यांच्यापासून बचाव करायला छोट्या होडीने खोल मार्गिकेच्या बाहेर राहणं पुरेसं असतं. दहा फूट पाण्यात ती जहाजं येऊच शकत नाहीत. अशा जहाजाच्या मार्गात छोट्या किंवा शिडाच्या नौकेने अडथळा आणू नये, हे नवव्या नियमात लिहिलेलंच आहे. मार्गिका ओलांडायची वेळ आलीच तर ती काटकोनात, झटपट, दोन्ही बाजू पाहून ओलांडायची. मोठी होडी सुरक्षित आणि लहान धोक्याची, हे सरसकट विधान या पाण्यात टिकत नाही.

लहान होडीचा एक अधिकचा गुण एकट्या माणसाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तिच्यातली सगळी बळं माणसाच्या आवाक्यातली असतात. शिडाचा दोर हाताने ओढता येतो, नांगर हाताने उचलता येतो, धक्क्याला लागताना होडी हाताने थोपवता येते. चाळीस फुटी नौकेवर यातली बहुतेक कामं करायला यंत्र लागतं, आणि यंत्र बंद पडलं की एकटा माणूस हतबल होतो.

सर्वांत गंभीर आरोप एकटेपणाचा. सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच ट्रेकला सांगतात, की एकट्याने जायचं नाही. मग पाण्यावर वेगळा न्याय का? या आक्षेपातला खरा भाग मी पूर्णपणे मान्य करतो. एकटा माणूस होडीबाहेर पडला तर होडी वळवून त्याला घ्यायला कोणी नसतं. शिडं भरलेली असतील तर होडी त्याला मागे टाकून निघून जाते, आणि तिच्यामागे पोहून ती गाठता येत नाही. वसंत ऋतूत तर धोका आणखी वाढतो. एप्रिलमध्ये हवा उबदार असते, लोक पातळ कपड्यांत बाहेर पडतात, पण पाणी दहा-बारा अंश सेल्सिअस असतं. अशा थंड पाण्यात पडलेल्यासाठी एक ठोकताळा शिकवला जातो: पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, नंतरची दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतील अशी, आणि साधारण तासाभरात शुद्ध हरपण्याची शक्यता. अंगात लाइफ जॅकेट नसेल तर तो तास वाट्याला येतच नाही.

म्हणून एकट्याच्या होडीची सगळी मांडणी पाण्यात न पडण्याभोवती केलेली असते. शिडं चढवण्या-उतरवण्याचे दोर मागे, सुकाणूपाशी आणलेले असतात, म्हणजे लाटांमध्ये पुढच्या टोकावर जावं लागत नाही. पुढचं शीड खाली खेचायला वेगळा दोर असतो. वारा वाढणार असं वाटताच शीड आखडायचं. वाढल्यावर आखडू असं म्हणायचं नाही. होडीच्या लांबीभर पट्टा बांधायचा आणि आपला दोर त्यात अडकवून मगच जागेवरून हलायचं. लाइफ जॅकेट शेवटपर्यंत अंगात, त्याच्या खिशात पाण्यात चालणारा व्हीएचएफ रेडिओ आणि उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र. पाण्यातूनही हात पोचेल अशी शिडी. ही सामग्री माझ्या होडीवर आहे आणि ती नसेल त्या दिवशी होडी ट्रेलरवरच राहते.

आता दुसरा माणूस सोबत असण्याबद्दल. आपण गृहीत धरतो की दोघं असले की सुरक्षित. उपसागरात दर शनिवारी दिसणारं चित्र आठवा: एकाला होडी येते, बाकीचे पाहुणे. तो एकटा जाणकारच पाण्यात पडला तर काय होईल? मागे राहिलेल्याला शीड कसं सोडायचं माहीत नाही, इंजिन कसं सुरू करायचं माहीत नाही, रेडिओवर सोळाव्या चॅनेलवर हाक कशी द्यायची माहीत नाही. अशा होडीत माणसं चार असली तरी खलाशी एकच असतो, आणि तोही स्वतःला एकटा समजून वागत नसल्यामुळे निष्काळजी असतो. दुसरा माणूस उपयोगाचा ठरतो तो शिकलेला असेल तर. आणि शिकण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे, छोट्या होडीत, उथळ पाण्यात, सौम्य वाऱ्यात प्रत्येक काम स्वतःच्या हाताने करणं. ज्याला एकट्याने होडी धक्क्याला लावता येते, तोच उद्या कुटुंबाला घेऊन जाण्याच्या लायकीचा होतो.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा वार्षिक अहवालही पाहा. 2023 मध्ये हौशी नौकानयनात 564 माणसं दगावली. मृत्यूचं कारण ज्ञात असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश बुडून गेली, आणि त्यांच्यापैकी लाइफ जॅकेटची नोंद असलेल्यांत 87 टक्के लोकांनी ते घातलेलं नव्हतं. चालकाच्या प्रशिक्षणाची माहिती जिथे उपलब्ध होती, तिथे तीन चतुर्थांश मृत्यू सुरक्षेचं शिक्षण न घेतलेल्यांच्या होड्यांवर झाले. जीवघेण्या अपघातांमागचं सर्वांत मोठं ज्ञात कारण दारू. अपघातांच्या इतर कारणांत अनवधान, पहारा न ठेवणं, अननुभव, यंत्रातला बिघाड, बेफाम वेग. या आकड्यांनी एकटेपणा निर्दोष ठरतो असा माझा दावा नाही, कारण या कारणांत तो वेगळा मोजलेलाच नाही. पण माणसं कशाने मरतात हे त्यातून दिसतं. आपल्या मंडळींना लाइफ जॅकेटशिवाय आणि हातात बिअर घेऊन निघालेल्या बारा जणांच्या पार्टीबोटीची भीती वाटत नाही. त्यांना काळजी वाटते ती दोर बांधून सावकाश निघालेल्या एकट्या माणसाची. ही काळजी चुकीच्या पत्त्यावर जाते आहे.

बचाव यंत्रणेवर भार पडतो, हा आरोपही तपासून घ्यावा. जिवाला धोका नसेल, होडी नुसती गाळात रुतली असेल किंवा इंजिन बंद पडलं असेल, तर सहसा तटरक्षक दल ती ओढून नेत नाही. त्यासाठी खासगी सेवा आहेत आणि त्यांची वर्गणी होडीवाला स्वतः भरतो. तटरक्षक दलाचं स्वयंसेवक पथक होडीची सुरक्षा तपासणी विनामूल्य करून देतं. मेरीलंडमध्ये 1 जुलै 1972 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला नोंदणीकृत होडी चालवायची तर सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याआधी जन्मलेल्यांनीही ते स्वतःहून घ्यावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. यंत्रणेवर भार टाकतो तो न सांगता निघणारा. लेखी सफर-आराखडा घरी ठेवून जाणारा कुठे, केव्हा, कोणत्या मार्गाने आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे सगळं सांगून जातो. बचाव करणाऱ्यांचा बराच वेळ शोधण्यात जातो. आराखडा तो वेळ वाचवतो.

तिसरा मुद्दा दोन दिवसांचा. सुट्टी संपत आली, सोमवारची मीटिंग आहे, म्हणून माणूस रविवारी खराब हवेत होडी हाकतो आणि फसतो. या आक्षेपावर टीकाकार फारसा जोर देत नाहीत, पण मला तो सर्वांत खरा वाटतो. वेळापत्रक हे वाऱ्यापेक्षा घातक असतं. पण याचंही उत्तर ट्रेलरच्या होडीकडे आहे. दोन दिवसांचा हवामान अंदाज दहा दिवसांच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. शुक्रवारी रात्री तो पाहून निघायचं की नाही हे ठरवता येतं. छोट्या नौकांसाठी इशारा असेल तर निघायचंच नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून गडगडाटी वादळं येतात, म्हणून दुपारीच खाडीत शिरून नांगर टाकायचा. पाण्याची खोली अधिक होडीच्या टोकाची उंची, या बेरजेच्या सातपट दोर सोडायचा. आणि रविवारी वारा चढलाच, तर होडी जवळच्या धक्क्यावर बांधून टॅक्सीने गाडीपर्यंत जायचं आणि ट्रेलर तिथे आणायचा, किंवा होडी तिथेच ठेवून पुढच्या शनिवारी यायचं. होडी घरच्या धक्क्यावर परत नेलीच पाहिजे असं बंधन नाही, कारण तिचा घरचा धक्का म्हणजे चार चाकं. आणि एकट्याला सोबत्यांची नाराजी सांभाळायची नसते. मागे फिरण्याचा निर्णय त्याला कुणाला पटवून द्यावा लागत नाही. पाहुण्यांना दिलेला शब्द पाळायला निघालेल्या आणि फसलेल्या होड्या या उपसागराने भरपूर पाहिल्या आहेत.

एक धोका मात्र टीकाकार आणि हौशी दोघंही विसरतात. ट्रेलरच्या होडीची डोलकाठी जमिनीवरच उभी करायची असते आणि धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या तारा असतात. धातूची उभी काठी तारेला लागली तर माणूस जागीच जातो. वर पाहिल्याशिवाय काठी उभारायची नाही आणि उभारल्यावर होडी तारांखालून न्यायची नाही. भीती घालायचीच असेल तर याची घाला.

घरच्यांच्या काळजीबद्दल बोलताना मी आवाज खाली आणतो, कारण ती काळजी खरी असते. पण काळजीला दोन वाटा असतात. एक वाट जाऊ नकोस म्हणते. दुसरी, जाण्याआधी मला सगळं दाखव, म्हणते. पहिल्या वाटेने गेलं की माणूस लपवायला लागतो, आणि लपवून गेलेला माणूस खऱ्या अर्थाने धोक्यात असतो. दुसऱ्या वाटेने गेलेल्या घरांत आराखडा फ्रिजवर लावलेला असतो, ठरल्या वेळी फोन येतो आणि नाही आला तर काय करायचं हे बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलीला ठाऊक असतं. इथे नवरा मुद्दाम लिहिलं, कारण हा छंद पुरुषांचाच आहे असंही आपण गृहीत धरतो. अटलांटिक महासागर एकटीने पार करणारी पहिली स्त्री अ‍ॅन डेव्हिसन 1952-53 मध्ये जिच्यातून गेली, ती 'फेलिसिटी अ‍ॅन' अवघी 23 फुटांची होती.

पैशाचा आरोप थोडक्यात. जुनी, ट्रेलरसह, चालू स्थितीतली अशी होडी इथे जुन्या मोटारीच्या किमतीत मिळते. चार जणांचं कुटुंब एकदा भारतात जाऊन येतं, साधारण तेवढा खर्च. होडी अंगणात राहते म्हणून मरीनाचं भाडं नाही. गरिबाला परवडेल असं मी म्हणणार नाही, पण मध्यमवर्गीयाने केलेल्या प्रत्येक हौसेला आपण चोचले म्हणत नाही. होडीलाच का म्हणतो?

मग हे सगळं करायचं कशासाठी? माझ्या मते, ज्याचे परिणाम स्वतःलाच भोगायचे आहेत असे निर्णय लागोपाठ घ्यायची संधी आपल्या नोकरदार आयुष्यात फारशी येत नाही. इथे वारा वाचायचा, नकाशा वाचायचा, ठरवायचं आणि चूक झाली तर कुणाकडे बोट न दाखवता दुरुस्त करायची. कोकणातल्या नाखव्याला हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचं, ही शिस्त त्याच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळली. समुद्राशी खरी ओळख असणारी माणसं केव्हा जायचं नाही हे आधी शिकतात. चेसापीकचे ठोकताळे उचलून कुणी मुंबईच्या बंदरात वापरू नयेत. उधाणाला तिथे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. प्रत्येक पाण्याचा अभ्यास वेगळा. थांबण्याची शिस्त मात्र सगळीकडे तीच.

म्हणून टीकाकारांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी एकट्याने निघतो म्हणाला, तर त्याला वेडा म्हणू नका. विचारा: लाइफ जॅकेट अंगात राहणार ना? आराखडा कुणाकडे ठेवलास? अंदाज काय आहे? कुठल्या परिस्थितीत मागे फिरशील, हे ठरवलं आहेस का? चारही उत्तरं नीट मिळाली तर त्याला जाऊ द्या. एकही अडखळत आलं तर त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्या. मी तुमच्या बाजूने उभा राहीन.